बोअर जमिनीत, प्रश्न घरात : आल्बनीजवळच्या एका घरातील भूतापीय हीट पंपाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

न्यूयॉर्क राज्याची राजधानी असलेल्या आल्बनीच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे हे प्रकरण आहे. घर १९७८ साली बांधलेले, दुमजली, लाकडी सांगाड्याचे आणि सुमारे २,३०० चौरस फुटांचे. घरात नवराबायको, दोन शाळकरी मुले आणि दर वर्षाआड सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणारे नवऱ्याचे वडील. या कामात मी ठेकेदार नव्हतो. वातानुकूलनाच्या क्षेत्रात नोकरी करणारा स्नेही म्हणून प्रत्येक टप्प्यावर मला विचारले जात होते, आणि त्यातले एकदोन सल्ले माझेही चुकले. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत.

बेसमेंटमध्ये तेलावर चालणारी अठ्ठावीस वर्षांची फर्नेस होती आणि तिच्या शेजारी २७५ गॅलनची टाकी. फर्नेसची गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून प्रत्येक खोलीत जात असे. उन्हाळ्यासाठी याच डक्टवर बसवलेला एसी आर-२२ वायूचा होता. अमेरिकेत या वायूचे उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून बंद झाल्यामुळे त्याची गळती दुरुस्त करून पुन्हा वायू भरणे म्हणजे सोन्याच्या भावाचे काम झाले होते.

अडचण

हिवाळ्यात सरासरी ९०० गॅलन तेल लागत असे. २०२२ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये तेलाचा दर गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला आणि टाकी एकदा भरण्याचे बिल हजार डॉलरच्या पुढे आले. त्याच उन्हाळ्यात एसीने मान टाकली. दोन्ही यंत्रे एकदमच बदलावी लागणार होती, आणि अशी वेळ वीस-पंचवीस वर्षांतून एकदाच येते. ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय कायद्याने भूतापीय यंत्रणेच्या खर्चावर ३० टक्के कर सवलत दिली होती आणि राज्याची २५ टक्के, कमाल ५,००० डॉलरची सवलत त्याच वर्षापासून लागू झाली होती, त्यामुळे कुटुंबाचे लक्ष या पर्यायाकडे गेले.

‘भूतापीय’ या शब्दाने आपल्याकडे प्रथम वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडे आठवतात. इथे त्यांचा काही संबंध नाही. आल्बनी परिसरात तीसेक फुटांच्या खाली जमिनीचे तापमान वर्षभर ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे दहा अंश सेल्सियसच्या जवळपास राहते. बोअरमध्ये सोडलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतून पाणी आणि गोठणरोधकाचे मिश्रण फिरते. हिवाळ्यात ते जमिनीतली ऊब घरात आणते, उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत सोडते. बेसमेंटमधला हीट पंप फ्रिजच्याच तत्त्वावर ही उष्णता वरच्या तापमानाला चढवतो. एक युनिट वीज खर्चून घराला तीन ते चार युनिट उष्णता मिळते, कारण उरलेली जमिनीतून फुकट येते.

घरात हे सर्वांत आधी उमगले ते आजोबांना. सांगलीशेजारच्या हरिपूरला हळद साठवायची, जमिनीत खणलेली पेवे त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. “वर ऊन असो की पाऊस, पेवात हवा तशीच. आणि विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, ते काय विहीर तापते म्हणून?” असे म्हणून त्यांनी विषय निकालात काढला. मुलाला मात्र अजून तीन ठेकेदारांचे प्रस्ताव वाचायचे होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुनेच नव्याने बसवण्याचा होता : नवी तेल फर्नेस आणि नवा एसी, मिळून सुमारे १४,५०० डॉलर. दुसरा, थंड हवामानासाठी बनवलेला हवेतून उष्णता घेणारा हीट पंप. याचा प्रस्ताव १९,००० डॉलरचा होता. अशा पंपाची कार्यक्षमता बाहेरची हवा जितकी थंड तितकी घसरते, म्हणजे गरज सर्वाधिक असते त्याच रात्री तो सर्वांत कमकुवत असतो. तरीही हा पर्याय फारसा न तपासता सोडून दिला गेला आणि त्यात माझा वाटा होता. आज पुन्हा विचारले तर मी त्याची दुसरी बोली मागवायला सांगेन.

तिसरा पर्याय भूतापीय. त्यातही आडवी नळी की उभी बोअर, हा प्रश्न होता. आडव्या पद्धतीत पाच-सहा फूट खोल चर खणून नळीची वेटोळी पसरतात. खर्च कमी, पण जागा भरपूर लागते. या घरामागे दोन जुने मेपल होते आणि गटाराची वाहिनी अंगणातून तिरकी जात होती. मेपलच्या मुळांवर घाव घालायला घरातील सूनबाईंनी स्पष्ट नकार दिला. उघड्या पद्धतीत विहिरीचे पाणी थेट यंत्रातून फिरवतात, पण इथे नळाचे पाणी असल्याने विहीरच नव्हती. उभी बोअर तेवढी उरली.

पहिला निर्णय : यंत्र किती टनाचे

दोन ठेकेदारांनी घराचे क्षेत्रफळ विचारून, पाचशे चौरस फुटांना एक टन या हिशेबाने पाच टनांचे यंत्र सुचवले. टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू; बीटीयू हे उष्णता मोजण्याचे एकक. तिसऱ्याने प्रत्येक भिंत, खिडकी आणि माळ्याचे मोजमाप घेऊन उष्णताभाराचा रीतसर हिशेब केला. कडाक्याच्या थंडीसाठी, म्हणजे शून्य अंश फॅरनहाइटच्या आसपास, तो तासाला ४९,००० बीटीयू आला. हा आकडा पाच टनांच्या बाजूने होता.

तेलाच्या बिलांवरून मी पडताळा घेतला. एका गॅलन तेलात सुमारे १,३८,५०० बीटीयू असतात. ९०० गॅलन आणि फर्नेसची ८० टक्के कार्यक्षमता धरली तर घराला वर्षाला जवळजवळ दहा कोटी बीटीयू मिळत होते. आल्बनीच्या हिवाळ्याच्या सुमारे ६,६०० डिग्री-दिवसांनी (रोजचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या किती खाली गेले, त्याची बेरीज) आणि चोवीस तासांनी भागले की बाहेरचे तापमान एका अंशाने उतरताच घर तासाला किती उष्णता गमावते ते कळते : साधारण ६३० बीटीयू. त्याला ६५ ने, म्हणजे ६५ पासून शून्यापर्यंतच्या अंतराने गुणले की ४१,०००. मोजमापाचा हिशेब आणि बिलांचा हिशेब यांत आठ हजारांचे अंतर होते. मोजमापात प्रत्येक ठिकाणी थोडी खबरदारी धरली जाते आणि ती साचत जाते. बिल मात्र घराने खरोखर काय खाल्ले तेच सांगते.

इथे कुटुंबाने यंत्राचा निर्णय तीन महिने पुढे ढकलला. पूर्ण कामातला हा सर्वांत चांगला निर्णय होता असे मला वाटते. त्या अवधीत त्यांनी घराची हवागळती मोजून घेतली. दारात पंखा लावून घरातली हवा ओढली की फटी कुठे आहेत ते उघड होते. माळ्याच्या झडपेभोवती हात धरला तर टेबल फॅनसारखा वारा लागत होता. चाचणीच्या दाबाखाली तासाला साडेनऊ वेळा घरातली सगळी हवा बदलत होती. फटी बुजवून आणि माळ्यावर उष्णतारोधक सेल्युलोजचा जाड थर देऊन ती सहाच्या थोडी वर आणली. खर्च ६,५०० डॉलर. २०२३ मध्ये त्यावर १,२०० डॉलरची केंद्रीय सवलत मिळाली.

यानंतर मोजमापाचा भार ४२,००० वर आला आणि बिलांच्या हिशेबाने ३६,००० च्या आत. चार टनांचे यंत्र पक्के झाले. हिवाळ्याच्या अखेरीस जमिनीतून परतणारे पाणी गोठणबिंदूजवळ येते, तेव्हाही असे यंत्र ३८,००० च्या आसपास देते. वर्षातल्या मोजक्या रात्री काही कमी पडलेच तर १० किलोवॉटची विजेची कॉइल जोडीला होती. पाच टन घेतले असते तर बोअर दोनशे फुटांनी वाढली असती आणि हवेचा प्रवाह मिनिटाला २,००० घनफूट लागला असता. घरातल्या जुन्या डक्ट १,२०० च्या पुढे गेल्या की शिट्ट्या वाजवत होत्या. चार टनांसाठीही परतीच्या हवेची एक नवी डक्ट जिन्याखालून काढावी लागली. हीट पंपाची हवा फर्नेसपेक्षा कमी गरम असल्याने ती जास्त प्रमाणात फिरवावी लागते, आणि हा मुद्दा पहिल्या दोन्ही प्रस्तावांत औषधालाही नव्हता.

दुसरा निर्णय : खडक लागत नाही तेव्हा

करार ४२,००० डॉलरचा झाला. त्यात ३७५ फुटांच्या दोन बोअर, त्यांत वीस फुटांचे अंतर, आणि प्रत्येकी ४० फूट लोखंडी केसिंग धरले होते. खडकाच्या वरचा भुसभुशीत थर ढासळू नये म्हणून केसिंग घालतात. खडकात त्याची गरज नसते. थर ४० फुटांच्या पुढे गेला तर फुटाला ४५ डॉलर जादा, असे एक वाक्य कराराच्या चौथ्या पानावर होते. आम्ही सर्वांनी ते वाचले होते आणि कोणीही त्यावर थांबले नाही.

सप्टेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात बोअर खणणारे यंत्र, म्हणजे रिग, आली. आदल्या आठवड्यात ८११ या, खोदकामापूर्वी कळवायच्या क्रमांकावर सांगून गॅस, वीज आणि पाण्याच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून घेतल्या होत्या. ४० फुटांवर खडक नव्हता. ६० वर नव्हता. नळीतून निळसर करडी, साबणासारखी गुळगुळीत माती वर येत राहिली, हुबेहूब शाडूची. घरात गणपती बसलेला होता आणि मुलांनी त्या मातीचे गोळे व्हरांड्यात आणून ठेवले. हिमयुगाच्या अखेरीस हडसनच्या या खोऱ्यात एक विस्तीर्ण सरोवर होते. भूशास्त्रात त्याला ग्लेशियल लेक आल्बनी म्हणतात. त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ. खडक लागला १०५ फुटांवर.

दुपारी दीडच्या सुमारास ठेकेदाराने रिग थांबवून विचारले. तीन मार्ग होते. एक, पहिली बोअर पूर्ण करून दुसरी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला घ्यायची. पण सरोवराचा गाळ शंभर फुटांत बदलेल असे मानायला आधार नव्हता. दोन, एकच बोअर पाचशे फुटांपर्यंत नेऊन दुसरीचे केसिंग वाचवायचे. मग एकूण लांबी चार टनांना अपुरी पडली असती आणि तूट विजेच्या कॉइलने भरावी लागली असती, म्हणजे केसिंगचे पैसे दर हिवाळ्यात हप्त्याने वीज कंपनीला. तीन, मूळ आराखडा चालू ठेवून जादा १३० फूट केसिंगचे सुमारे ५,८०० डॉलर मोजायचे.

कुटुंबाने तिसरा मार्ग धरला. मी आणखी एक गोष्ट विचारायला लावली : आराखडा खडकातल्या उष्णतावहनावर बेतलेला होता, आणि चिकणमाती खडकापेक्षा उष्णता सावकाश वाहते, तर लांबी पुरेल का? आराखडाकाराने संध्याकाळी नव्याने हिशेब करून प्रत्येक बोअर २५ फुटांनी वाढवली. आणखी १,००० डॉलर. त्या दिवशी ते जिवावर आले खरे. नंतर दोन्ही बोअरमध्ये नळ्या सोडून तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट माती आणि वाळूचा ग्राउट, म्हणजे पोकळी बुजवणारे मिश्रण, भरला. नळी आणि जमीन यांत हवेची पोकळी राहिली तर उष्णता पोहोचत नाही, म्हणून हे काम रिग निघून जाण्याच्या घाईत उरकू देऊ नये.

अंगणाची दशा महिनाभर पाहवत नव्हती.

पहिला हिवाळा

यंत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले. पहिली तक्रार आजोबांची आली. तेलाच्या फर्नेसची हवा जमिनीवरच्या जाळीतून १२० अंश फॅरनहाइटच्या वर येत असे. आजोबा सकाळी पायमोजे त्या जाळीवर पसरून ठेवत आणि चहा होईपर्यंत त्यावरच पाय धरून बसत. नव्या यंत्राची हवा ९५ ते १०० अंशांची. म्हणजे साधारण अंगाच्या तापमानाची, आणि वाहती असल्यामुळे पायांना गारच लागते. थर्मामीटर खोलीचे तापमान ६८ दाखवत होता, जुन्या फर्नेसपेक्षा जास्त एकसारखे. पण आजोबांचे म्हणणे, “हे वारा घालतंय, ऊब देत नाही.” दोघांचेही खरे होते. उपाय साधे निघाले : त्यांच्या खुर्चीजवळच्या जाळीवर हवा भिंतीकडे वळवणारे झाकण, आणि तापमान ७०. यंत्र बसवण्यापूर्वी कुणीही हा फरक घरातल्यांना सांगितला नव्हता. मीही नाही.

दुसरी तक्रार जानेवारीच्या बिलाने केली : ६४० डॉलर. ३,२०० युनिट. माझ्या अंदाजापेक्षा जवळजवळ हजार युनिट जास्त. बोअरमधून परतणाऱ्या पाण्याचे तापमान ३७ अंश फॅरनहाइट होते, म्हणजे बोअर चोख काम करत होत्या. मग एका पहाटे साडेपाचला बेसमेंटमध्ये उभे राहून पाहिले. थर्मोस्टॅट तेलाच्या दिवसांतल्या सवयीप्रमाणे रात्री ६२ वर उतरवलेला होता आणि सहाला ७० मागत होता. आठ अंशांचे अंतर दिसताच त्याने हीट पंपाबरोबर १० किलोवॉटची कॉइलही पेटवली आणि ती नऊपर्यंत चालली. रोज तीन तास म्हणजे ३० युनिट, महिन्याला ९००, सुमारे १८० डॉलर. फर्नेसमध्ये रात्री तापमान उतरवणे ही बचत असते. या यंत्रात तीच सवय अंगाशी येते. ठेकेदाराने थर्मोस्टॅटची कारखान्यातली मांडणी तशीच ठेवली होती.

रात्रीची उतरण बंद केली आणि बाहेर १० अंश फॅरनहाइटच्या वर असताना कॉइल लागू नये अशी अट घातली. फेब्रुवारीत कॉइल फक्त दोन पहाटे लागली.

परिणाम आणि हिशेब

जादा केसिंग आणि खोली धरून यंत्रणेचा एकूण खर्च ४८,८०० डॉलर झाला. वीज कंपनीची सवलत ६,००० वजा जाता ४२,८००. त्यावर केंद्रीय सवलत १२,८००, राज्याची ५,०००. हाती राहिलेला खर्च सुमारे २५,०००.

यात एक गफलत झाली. केंद्रीय सवलत ही देय करातून वजा होते, रोख परत मिळत नाही. त्या वर्षी कुटुंबाचा केंद्रीय कर सुमारे ९,००० होता. उरलेले ३,८०० पुढच्या वर्षीच्या करात वळते झाले, म्हणजे बुडाले नाहीत, पण एप्रिलमध्ये पूर्ण रक्कम येईल असे गृहीत धरून घेतलेले अल्पमुदतीचे कर्ज आणखी एक वर्ष चालवावे लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात, २०२४-२५ मध्ये, हीट पंपाने ७,५०० युनिट घेतली, सुमारे १,५०० डॉलरची. तुलना जुन्या ९०० गॅलनशी करणे योग्य नाही, कारण फटी बुजवल्यामुळे तेलही कमी लागलेच असते. नव्या फर्नेसला या बंदिस्त घरात साधारण ७१० गॅलन लागले असते, गॅलनला ३.८० डॉलर दराने २,७०० डॉलर. त्यात फर्नेसची वार्षिक सफाई आणि उन्हाळ्याच्या विजेतला फरक मिळवला तर वर्षाची बचत दीड हजार भरते. फर्नेस आणि एसीच्या १४,५०० डॉलरपेक्षा जादा गुंतवलेले १०,५०० डॉलर सात वर्षांत सुटतात.

हे गणित आज जसेच्या तसे कोणी वापरू नये. जुलै २०२५ च्या कायद्याने घरगुती भूतापीय यंत्रणेची केंद्रीय सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी बंद केली. तीच यंत्रणा त्या सवलतीशिवाय बसवली तर जादा गुंतवणूक २३,००० च्या पुढे जाते आणि ती सुटायला पंधरा-सोळा वर्षे लागतात. अशा वेळी हवेतून उष्णता घेणारा पंप पुन्हा शर्यतीत येतो.

वेगळे काय करता आले असते

खडकाच्या खोलीचा अंदाज ठेकेदाराने एका ढोबळ नकाशावरून बांधला होता. त्याच रस्त्यावर कोणाची जुनी विहीर किंवा बोअर आहे का, आणि तिच्या नोंदीत खडक किती फुटांवर लिहिला आहे, हे विचारायला एक फोन पुरला असता. त्याने केसिंगचे पैसे वाचले नसते, पण ते करारात आधीच आले असते आणि दीड वाजता रिग थांबवून, ताशी भाडे मनात मोजत निर्णय घ्यावा लागला नसता.

यंत्र सुरू करून देण्याच्या दिवशी थर्मोस्टॅटची मांडणी, कॉइलची अट आणि परतीच्या पाण्याचे तापमान घरमालकासमोर लिहून घ्यायला हवे होते. हीट पंपासाठी वेगळे मीटर मी जानेवारीच्या बिलानंतर बसवायला सांगितले. ते पहिल्या दिवसापासून असते तर कॉइलची चोरी डिसेंबरातच पकडली गेली असती.

आणखी एक गोष्ट पुढच्या उन्हाळ्यात लक्षात आली. कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे घ्यायला माणूस आला. त्याने नियमाप्रमाणे ८११ वर कळवले होते आणि अंगणात रंगाच्या खुणा झालेल्या होत्या. पण त्या खुणा कंपन्यांच्या वाहिन्यांच्या असतात. घरमालकाच्या स्वतःच्या जमिनीत बोअरपासून घरापर्यंत पाच फुटांवर गेलेल्या भूतापीय नळ्यांची कोणालाच खबर नव्हती. खोदकामाच्या वेळचा फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये सापडला, त्यात शाडूच्या गोळ्यांमागे चर दिसत होता. त्यावरून घराच्या कोपऱ्यापासून टेपने अंतरे मोजली, कुंपणाचा एक खांब तीन फूट सरकवला, आणि मापांचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बेसमेंटमधल्या विजेच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.